मशरूमचा चहा आणि वहिनींचा गुडघा

देवाने माणसाला जीभ एकच दिली आणि कामं मात्र दोन लावून दिली. एक चाखायचं आणि एक बोलायचं. पहिल्या कामात वहिनींच्या पासंगाला पुरेल असं आसपास कुणी नव्हतं. दुसऱ्या कामात मात्र त्या तुमच्याआमच्यासारख्याच होत्या, आणि पुढचं सगळं रामायण त्या दुसऱ्या कामातून उभं राहिलं.

वहिनी चहाच्या कंपनीत चव पारखायचं काम करत. त्यांना तिथे सगळेच वहिनी म्हणत. मालकही म्हणत, आणि मालकांची म्हातारी आईसुद्धा. पारखायची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. मोठी खिडकी, तिच्यातून येणारा थंड सपाट उजेड, आणि त्या उजेडात भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेला पांढऱ्या फरशीचा ओटा. ओट्यावर झाकणवाले पांढरे पेले ओळीने मांडलेले. प्रत्येक पेल्यात तोलून टाकलेली चिमूटभर पत्ती, वर उकळतं पाणी, मग घंटी वाजेपर्यंत थांबायचं. घंटी वाजली की चमच्याने घोट उचलायचा, ओठांशी आणून असा ओढायचा की भुरका जिन्यापर्यंत ऐकू गेला पाहिजे. तो तोंडात चारी कोपऱ्यांत फिरवायचा आणि थुंकदाणीत टाकून द्यायचा. थुंकदाणी कमरेएवढी उंच, पितळेची, खाली चाकं लावलेली. वहिनी तिला पायाने पुढे ढकलत, जणू काही हट्टी वासरूच दावणीकडे नेतायत. पेला, भुरका, पिचकारी, की पुढचा पेला. दिवसभरात इतके पेले व्हायचे की गिळत बसलं असतं तर दुपारपर्यंत माणसाचं पिंप झालं असतं.

हे अंगात इतकं मुरलेलं की एकदा नवऱ्याच्या साहेबांकडे जेवायला गेल्या असताना वहिनींनी सूपचा पहिला चमचा खणखणीत भुरका मारून ओढला, डोळे मिटून तोंडात फिरवला आणि मग दोन्ही बाजूंना पाहत काहीतरी शोधू लागल्या. नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला म्हणून बरं. नाहीतर साहेबांच्या फुलदाणीचं काही खरं नव्हतं.

या कामात बसायची सोय नाही. उभं राहून राहून वहिनींचा उजवा गुडघा बोलायला लागला होता. वर चढताना कुरकुर, खाली उतरताना त्याहून जास्त. जिन्याचा कठडा त्यांनी हाताने घासून गुळगुळीत केला होता. खोलीतल्या बाकीच्या चौघांचंही काही ना काही होतंच. नाकसाहेब म्हणजे सर्वांत जुने परीक्षक, पत्ती नुसती हुंगून ती कोणत्या उतारावरची ते सांगणारे. त्यांना झोप नव्हती. कोपऱ्यातल्या ताईंना आठवण नव्हती. चष्मा कपाळावर ठेवून त्या सकाळपासून तो शोधत. पण या खोलीत तब्येतीचं रडगाणं गायची पद्धत नव्हती. जीभ सांभाळा, बाकीचा देह आपलं बघून घेईल, असा एकंदर खाक्या.

तर अशा या खोलीत एके सकाळी जावईबापू आले.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. धंद्यात नवे, उत्साहाने जुने. त्यांच्या काखेत दोन डबे होते. एकातून त्यांनी लाकडासारखं कडक, लाखेने रंगवल्यासारखं तांबडं चकचकीत काहीतरी काढलं. दुसऱ्यातून पांढरं, झिपऱ्या सोडून बसलेलं.

"ओळखा," ते म्हणाले.

ताई पुढे झाल्या, चष्मा नसल्यामुळे जरा जास्तच पुढे. "पहिलं दाराची मूठ आहे. दुसरं माझ्या नणंदेचं डोकं."

"औषधी मशरूम!" जावईबापूंनी हात पसरले. "हे तांबडं झाडाच्या बुंध्यावर येतं, त्याला रेशी म्हणतात. झोप, शांती, रोगाशी लढायची ताकद. आणि हे पांढरं सिंहाच्या आयाळीसारखं. मेंदूसाठी, आठवणीसाठी. शेकडो वर्षं लोक याचे काढे पितायत. आता सगळं जग पितंय आणि आपण अजून नुसती पत्ती विकत बसलोय. दोन्हींची पूड चहात घालायची. मशरूमचा चहा!"

नाकसाहेबांनी तांबडं मशरूम हुंगलं आणि काही न बोलता खिडकी उघडली.

"आणि खोक्यावर काय छापणार माहितीये?" जावईबापू आता टाचांवर उभे होते. "आमच्या परीक्षकांनी स्वतः अनुभवलेले गुण! तुमच्या जिभेवर लोकांचा विश्वास आहे, वहिनी. रोज सकाळी पहिला पेला याचा. मग मी येईन, विचारेन, काय फरक वाटतो. जे खरं असेल तेच सांगायचं. खोटं मला नको."

माणूस भला होता, ही त्याची खरी अडचण.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी ओट्यावर पाचही जणांपुढे मशरूमच्या चहाचा पेला. भुरका, फिरवाफिरव, पिचकारी. मग जावईबापू येत. त्यांना उभ्याने बोलवेना म्हणून त्यांनी खालून खुर्च्या आणवल्या. सगळ्यांना बसवायचे, समोर आपण बसायचे, आणि एकेकाला विचारायचे.

"वहिनी, गुडघा काय म्हणतोय?"

पहिल्या दिवशी वहिनींना लाजल्यासारखं झालं. गुडघ्याचं काय सांगायचं परक्या माणसाला? पण तो खरंच विचारत होता. कोणत्या पायरीला दुखतं, वर जाताना की उतरताना, पावसाळी हवेत जास्त का, असं खोदून खोदून. वहिनींनी सांगितलं. सांगता सांगता ध्यानात आलं की हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा. घरातल्या कोणत्याही प्रश्नावर त्याचं मत उशीखाली असायचं.

आणि काय सांगावं, गुण येऊ लागला! नाकसाहेब एका सकाळी डोळे चोळत आले आणि म्हणाले, "काल झोपलो. बायको घाबरली, तिने नाकाशी आरसा धरला." ताईंना चष्मा कुठे आहे हे तर आठवलंच, वर पाच वर्षांपूर्वी कुणाला तरी दिलेली छत्रीही आठवली, आणि त्या ती मागूनही आल्या. वहिनींचा गुडघा तर बोलायचाच बंद झाला. एका संध्याकाळी त्या कठड्याला हात न लावता जिना उतरल्या आणि खाली पोहोचल्यावर त्यांनाच ते उमगलं. मान वर करून पुटपुटल्या, "देवा, तुझी लीला!"

इथेच थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण तोंडात फिरवलेला चहा टाकून द्यायची शिस्त असलेल्या या बाईला बोलायचा मोह काही थुंकता आला नाही.

घरी सासरे होते. त्यांना सगळे पंच म्हणत, कारण जन्मभर त्यांनी फुटबॉलच्या सामन्यांत शिट्टी वाजवली होती. निवृत्त झाले तरी पंचगिरी सुटली नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं तर दोन बोटं वर करून ताकीद देत. दारावर फालतू काही विकायला येणाऱ्याला हात लांब करून मैदानाबाहेरचा रस्ता दाखवत. आणि एकदा दिलेला निर्णय? तो ब्रह्मदेव आला तरी फिरत नसे. एका सामन्यानंतर चिडलेल्या लोकांनी त्यांना कपडे बदलायच्या खोलीत संध्याकाळपर्यंत कोंडून ठेवलं होतं, दार उघडल्यावर बाहेर येऊन ते पहिलं वाक्य बोलले, "तो गोल नव्हताच."

अशा माणसाला रक्तदाब होता. दोन वर्षं रोज सकाळी एक गोळी. त्या गोळीचा त्यांना मनस्वी राग. "एवढीशी वस्तू मला हुकूम करते," म्हणत.

वहिनी एकदा बाजारातून दोन जड पिशव्या घेऊन तीन मजले चढून आल्या, तेव्हा पंच दारात उभे होते.

"सूनबाई, थांबली नाहीस कुठे?"

"नाही बाबा."

"मधल्या वळणावर फुं फुं करायची ती?"

"आता नाही करत," वहिनी म्हणाल्या, आणि मग सुटल्याच. मशरूम काय, रेशी काय, सिंहाची आयाळ काय, नाकसाहेबांची झोप काय. "मी सांगते ना बाबा, मी स्वतः अनुभवलंय. जादू आहे जादू! अहो, सगळ्या शरीराला लागू पडतं ते."

"सगळ्या?"

"सगळ्या!" वहिनींनी बिनदिक्कत ठोकून दिलं. जावईबापूंच्या तोंडून रोज ऐकत होत्या. जिभेवर आयतं होतं.

पंच विचारात पडले. "कुत्र्याच्या छत्रीचा चहा," ते हळूच म्हणाले. "बघू तरी."

वहिनींनी ऑफिसातून पुडा आणला. रोज सकाळी कामावर निघायच्या आधी पेलाभर चहा करून देऊ लागल्या. पंच नाक वर करून, डोळे मिटून तो संपवत. आठवडा गेला असेल नसेल, एका सकाळी वहिनी पाण्याबरोबर गोळी घेऊन आल्या तर पंचांनी हात वर केला. रिकाम्या हातात जणू कार्ड होतं.

"लाल," ते म्हणाले.

"काय?"

"गोळीला. बाहेर. आजपासून फक्त चहा."

"बाबा, असं कसं? डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"तुझा गुडघा खोटा आहे का?"

"नाही, पण..."

"तू अनुभवलंस की नाही? स्वतः?"

"अनुभवलं, पण गुडघा वेगळा, रक्तदाब..."

"सगळ्या शरीराला म्हणालीस. रक्त काय शरीराबाहेर आहे? माझ्या मनात शंका होती, ती तुझ्या साक्षीने फिटली. निर्णय झाला."

संध्याकाळी घरी आल्यावर वहिनींनी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "बाबांनी ठरवलंय ना?" आणि कूस बदलली.

त्या दिवसापासून वहिनी गोळी रोज ताटलीत ठेवत, पंच रोज हात वर करत. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. चेहरा तांबूस दिसतोय का? दिसतोय. पण चेहरा तर त्यांचा पहिल्यापासूनच तांबूस, चिडून चिडून. मग पंच म्हणू लागले की सकाळी डोकं जड होतं. दोष उशीला दिला. नवी उशी आणली. मग ती उंच म्हणून दुसरी. दुसरी मऊ म्हणून तिसरी. वहिनी म्हणाल्या, "बाबा, उशी नाही हो ती, रक्तदाब आहे." पंच म्हणाले, "ज्याचं डोकं त्याला कळत नाही, आणि तुला कळतं?" वहिनींना उलटून म्हणता येईना की हो, मला कळतं. कारण गुडघा खरंच बरा होता. स्वतःच्याच गुडघ्याने त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

इकडे ऑफिसात खोक्याचा मजकूर तयार झाला. छापायला देण्याआधी जावईबापूंना वाटलं, एखाद्या डॉक्टरचे दोन शब्द असावेत. कंपनीतल्या लोकांची तब्येत तपासायला एक डॉक्टरबाई येत. बुटक्या, गोल, सदा घाईत. त्यांना वर बोलावलं.

"आमचे गुण ऐकून तुम्ही थक्क व्हाल," जावईबापू म्हणाले.

"थक्क तर मी जिन्यानेच झाले," डॉक्टरबाई धापा टाकत म्हणाल्या. "द्या, तुमचा चहा द्या."

पाच पेले पाच जणांपुढे, सहावा डॉक्टरबाईंपुढे. बाईंनी तोंड वाकडं करत, पण पाहुण्याच्या रीतीने, पेला तळापर्यंत संपवला. मग समोर पाहू लागल्या. नाकसाहेबांनी भुरका ओढला, फिरवला, पिचकारी. ताईंनी ओढला, फिरवला, पिचकारी. वहिनींनी थुंकदाणी पायाने जवळ घेतली, ओढला, फिरवला आणि अगदी बारीक धारेत, कोणाला शिंतोडा न उडता, टाकला. त्यांच्या पिचकारीचं खात्यात कौतुक होतं.

"वा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता प्यायचा कधी?"

"म्हणजे?" जावईबापू.

"हा चाखला. पितात कधी?"

किटली तेवढी बोलत होती.

"बाई," नाकसाहेब छाती काढून म्हणाले, "परीक्षक चहा पीत नाही. कधीच नाही. आमच्या धंद्याचा तो पहिला..."

आणि मग त्यांचं वाक्य त्यांनाच ऐकू गेलं. छाती हळूहळू आत गेली.

जावईबापू एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "म्हणजे... इतके दिवस... एक घोटसुद्धा..."

"सवय हो," वहिनी पुटपुटल्या. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "पेला समोर आला की तोंड आपोआप... लक्षातच आलं नाही."

"पण तुमची झोप?" जावईबापू नाकसाहेबांकडे वळले.

"लागते हो! शपथेवर सांगतो, लागते."

"माझीही छत्री खरी आहे," ताई म्हणाल्या. "खाली ठेवलीये, दाखवते."

"मग गुण गेला कुणाला?"

ताईंनी पितळी भांड्याकडे बघितलं. "हिची तब्येत ठणठणीत असेल बघा. शंभर वर्षं काढेल."

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी तिच्याकडे, मग बाकीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. "या पूर्वीपासून आहेत इथे?"

"नाही. जावईबापूंनी आणवल्या," ताई म्हणाल्या. "रोज सकाळी आम्हाला तासभर बसवतात आणि विचारतात."

"काय विचारतात?"

"कसे आहात," नाकसाहेब म्हणाले. "रात्री काय होतं, कसले विचार येतात. मी सांगतो. सांगून झालं की मग रात्री ते विचार पुन्हा येत नाहीत."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. हसू विरलं होतं. "हे बघा, या मशरूममध्ये काहीच नाही असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या काही द्रव्यांवर अभ्यास चाललेत, आशा वाटावी असंही काही सापडतंय. पण बरंचसं काचेच्या नळीत आणि उंदरांवर. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि छोटे. उंदराला हुशारी आली म्हणून ताईंना येईलच, असं आज तरी कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि ज्याला रक्त पातळ करायच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्याने तर विचारल्याशिवाय हे घेऊच नये. त्याहून वाईट म्हणजे खोकं वाचून कुणी गोळ्याच सोडल्या तर? रक्तदाब दुखत नाही. आतल्या आत काम करतो आणि एक दिवस माणूस..."

वहिनींच्या हातातला चमचा फरशीवर पडला.

"मी निघते," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी सोडल्यात. माझ्यामुळे."

डॉक्टरबाई उठल्या. "किती दिवस झाले? डोकं दुखतं? चक्कर? बोलणं अडखळतं का? छातीत काही?"

"डोकं जड होतं म्हणतात. तीन उशा झाल्या. बोलणं... बोलणं तर जास्तच आहे."

"बरं. गोळी द्या आणि लगेच माझ्या दवाखान्यात घेऊन या. मी तिकडेच निघालेय. नाही म्हणाले तर मी घरी येते."

जावईबापूंचा चेहरा पडला होता, पण मघाशी म्हटलं तसा माणूस भला होता. "मी छापखान्याला फोन करतो," ते म्हणाले. "सगळं थांबवतो." दाराशी पोहोचून ते मागे वळले. "पण चव? चवीचं काय मत आहे तुमचं?"

पाचही परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते आम्हाला आजवर कुणी विचारलंच नाही," नाकसाहेब म्हणाले.

वहिनी जिना कशा उतरल्या त्यांनाच ठाऊक नाही. रस्ताभर एकच घोकत होत्या, "देवा, जीभ माझी सैल सुटली, तिची शिक्षा त्यांच्या डोक्याला देऊ नकोस. मला दे. गुडघा परत घे हवा तर. दोन्ही घे." मनापासून मागत होत्या. देवाने गुडघे घेतले नाहीत, म्हणून तीन मजले एका दमात चढून गेल्या.

पंच पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते. कपाळाला ओला रुमाल. "आज लवकर?" त्यांनी एक डोळा उघडला.

वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या आणि एका श्वासात सांगून टाकलं. भुरका, पिचकारी, थुंकदाणी, सगळं. नवरा दारात येऊन उभा राहिला. आज त्याची झोप उडाली होती.

पंचांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे तू एक थेंब घेतला नाहीस."

"नाही."

"आणि मी रोज पेलाभर गिळतोय."

"हो बाबा." वहिनींच्या डोळ्यांत पाणी. "चुकलं माझं. गोळी घ्या, आणि चला माझ्याबरोबर."

"गोळीला लाल कार्ड दिलंय."

"बाबा!"

"ओरडू नकोस, डोकं दुखतं. दिलेलं कार्ड मी आयुष्यात परत घेतलेलं नाही. लोकांनी कोंडलं तरी नाही."

नवरा म्हणाला, "बाबा, आता हट्ट..." त्याला एका बोटाने गप्प करण्यात आलं.

वहिनींनी डोळे पुसले. ओरडून उपयोग नव्हता, रडूनही नव्हता. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात त्यांनी फुटबॉलचे नियम इतके ऐकले होते की झोपेतही म्हणता आले असते. त्या सरळ बसल्या.

"बाबा, तुम्ही तो प्रसंग स्वतः पाहिला होता का?"

"कोणता?"

"मी बरी झाले तो. तुम्ही मैदानाच्या मध्यात होतात. कडेला मी होते. झेंडा मी वर केला. लाइन्समन मी."

पंचांनी दुसराही डोळा उघडला.

"लाइन्समनने चुकीचा झेंडा दाखवला आणि मग स्वतःच येऊन सांगितलं, साहेब, माझी चूक झाली, तर?"

"तर पंच निर्णय बदलू शकतो," ते नाइलाजाने म्हणाले. नियम म्हटल्यावर खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. "त्यात पंचाची नामुष्की नाही. लाइन्समनची आहे."

"आहेच माझी नामुष्की."

"पण!" बोट वर गेलं. "खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. एकदा सुरू झाला की संपलं. इथे तर किती दिवस उलटले."

"खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना खेळ सुरू कसा करता येईल?"

"कोण पडलंय?"

"तुम्ही. तीन उशांवर. कपाळाला पट्टी."

नवऱ्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. पंचांनी रुमाल काढून बाजूला ठेवला. "मी खेळाडू नाही. मी पंच आहे."

"बरं. मग पंचच आजारी पडला तर शिट्टी कोणाकडे जाते?"

पंच रुमालाची घडी घालू लागले.

"बाबा, कोणाकडे?"

"बदली पंच नसेल," ते फार हळू म्हणाले, "तर लाइन्समनकडे."

वहिनींनी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. पंचांनी गोळीकडे पाहिलं, मग वहिनींच्या तोंडाकडे. रागाने पाहायचं ठरवलं असावं, पण जमलं नाही. गोळी घेतली, जिभेवर ठेवली, पाणी प्याले. मग आ करून दाखवला. "गिळली. बघ. नाहीतर तुमच्या ऑफिससारखं म्हणशील."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. पंचांनी यंत्रावरही शंका घेतली, म्हणून दुसऱ्या दंडाला गुंडाळला. आकडा दोन्हीकडे तोच आणि चांगलाच चढलेला. बाईंनी छाती ऐकली, डोळ्यांत प्रकाश टाकला, हात उचलायला लावले, हसायला लावलं. हसणं सगळ्यात अवघड गेलं.

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "काही बिघडलेलं दिसत नाही. उद्या रक्त तपासू. गोळी रोज, न चुकता. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचं. आणि तो चहा आता बंद. कधी प्यावासा वाटला तर आधी मला विचारायचं."

"प्यावासा?" पंच उखडले. "पावसात भिजलेला बूट उकळून त्याचं पाणी गाळावं, तशी चव आहे त्याची."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग इतके दिवस प्यायलात कसा?"

पंचांनी शर्टाची बाही खाली ओढली, बटण लावायला घेतलं. ते काजात जाईना. वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी लावून दिलं.

"ही सकाळची स्वतःची घाई सोडून करून आणायची," ते बटणाकडे बघत म्हणाले. "समोर उभी राहायची. बाबा, बरं वाटतंय का, विचारायची. आता हिला काय सांगणार, बुटासारखा लागतो म्हणून?"

वहिनींनी बाहीची घडी सारखी केली. "उद्यापासून साधा करते, बाबा."

"कर. कडक कर." पंच उठले आणि सवयीने कठड्यासाठी हात लांब केला, तिथे कठडा नव्हता, वहिनींचा खांदा होता, तो धरला. "आणि तूही बसत जा जरा. उभं राहून बघत राहिलीस की मला घाई होते."